मयताच्या घरातला इसम

"नाव?" हवालदारांनी विचारलं.

"श्रीरंग पतंगे."

"ते तर सकाळीच वारले," हवालदार म्हणाले. "तुमचं नाव सांगा."

मी माझ्या स्वयंपाकघरात उभा होतो. हातात सांडशी होती आणि सांडशीत जळून काळं झालेलं आमचं चहाचं पातेलं. समोर कोपऱ्यावरच्या चौकीतले हवालदार घोलप, त्यांच्यामागे मुलाणी नावाचा तरणा शिपाई आणि त्याच्याही मागे, एक पाऊल दारात आणि एक बाहेर ठेवून, समोरच्या सोनटक्के वहिनी. महिनाभरापूर्वीच त्या गल्लीत राहायला आल्या होत्या.

"तेच माझं नाव आहे," मी म्हणालो.

"मयताचं?"

"हो."

घोलपांनी मुलाणीकडे पाहिलं. मुलाणीनं माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं.

"हे बघा," घोलप म्हणाले, "मयताच्या घरात चोरी करायची हे मुळातच हलकट काम. त्यात चोराला दुसरं काही मिळंना म्हणून त्यानं मयताचं नावच उचलायचं, म्हणजे..."

त्यांना पुढचा शब्द सापडेना. मी नुकताच निवृत्त झालेला विनोदी सदरलेखक होतो. एरवी सुचवला असता.

"बाई, हाच का?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"हाच," सोनटक्के वहिनी म्हणाल्या. "तुळशीपाशी ठेवलेला दगड घेतला आणि कुलपावर घातला. मी खिडकीतनं बघत होते. बिचाऱ्या बाई एकट्या आत, नवरा गेलेला, आणि हा..." त्यांनी पदर तोंडाला लावला. बाई मनानं चांगल्या होत्या. मी मेल्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलेलं होतं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तरी हे सांगायचं तर कावळ्यापासून सुरुवात करावी लागते.

त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर सांडगे वाळत घालत होतो. माझी थोरली बहीण, अक्का, उन्हाळ्याच्या वाळवणासाठी लातूरहून आमच्याकडे बार्शीला आली होती. ती जिन्यात उभी राहून मला सांडगे किती अंतरावर घालायचे ते शिकवत होती. तेवढ्यात एक कावळा आला आणि माझ्या डोक्यावर बसला. जागा पसंत पडल्यासारखा नीट बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि उडून गेला.

"शिवून गेला का बसला?" अक्कानं विचारलं.

"बसला."

अक्का जिन्याच्या पायरीवर खाली बसली. "रंगा, आता तुझ्या मरणाची बातमी पाठवायला पाहिजे."

आमच्याकडच्या जुन्या माणसांना हा उपाय ठाऊक आहे. कावळा डोक्यावर बसला की मरण यायचं असतं. ते यायच्या आत आपणच ते आलं असं कळवून टाकायचं. नातेवाईक रडतात. मरणाला वाटतं, इथलं काम उरकलेलं दिसतं, आणि ते पुढच्या गावाला जातं. मग दिवेलागणीच्या आत सगळ्यांना खरं सांगून टाकायचं. रडणं अस्सल हवं, म्हणून आधी कुणाला काही बोलायचं नाही. सरकारी योजनांची टिंगल करण्यात माझा जन्म गेला होता, पण ह्या योजनेत मला खोट काढता येईना.

"कर फोन," मी म्हणालो. "कोण किती रडलं ते मात्र लक्षात ठेव."

"चेष्टा करू नकोस. आणि ते केस काढून ये. कावळा बसलेले केस डोक्यावर ठेवायचे नसतात. दिवेलागणीपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस. मेलेला माणूस घरात वावरत नसतो."

"मंदाचं काय?"

"मी आहे की."

मंदा माझी बायको. दोन वर्षांपासून तिला विसर पडायला लागला होता. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, आणि दुपारी जेवलो की नाही ह्यावर संध्याकाळी आमचा वाद होई. आधी तिचा स्वयंपाक बिघडला, मग बंद झाला, मग मी करायला लागलो. पण चौकात गाय ट्रकखाली गेली ते तिला वर्षभर लक्षात होतं. डॉक्टर म्हणाले होते, मनाला लागतं ते राहतं, बाकीचं गळून जातं. मी म्हणालो, वर्तमानपत्रांचंही तसंच असतं. डॉक्टर हसले नाहीत.

निघताना अक्कानं माझ्याकडच्या घराच्या आणि कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. मेलेल्या माणसाला किल्ल्या कशाला, म्हणाली.

ओळखीच्या न्हाव्याकडे जायची चोरी होती, म्हणून एसटी स्टँडकडच्या एका दुकानात गेलो. "सगळे काढा," म्हणालो. न्हावी तोवर शेजारच्या गिऱ्हाइकाशी पावसापाण्याचं बोलत होता, तो एकदम गप्प झाला. त्यानं रेडिओ बंद केला. मी डोळे मिटून बसलो होतो. उघडले तेव्हा डोक्याबरोबर मिशीही गेली होती.

"मिशी कशाला काढली?"

"ठेवत नाहीत ना," तो हळू आवाजात म्हणाला. "वडील का?"

"नाही."

"मग?"

"मीच," मी म्हणालो.

त्यानं पैसे घेतले नाहीत. दुःखानं माणसाचं असं होतं हे त्यानं आयुष्यात पुष्कळदा पाहिलेलं असावं.

दिवसभर वाचनालयात बसलो. वर्तमानपत्र उघडून सवयीनं माझ्या सदराचं पान काढलं, तर तिथं आता राशिभविष्य येत होतं. माझ्या राशीला प्रवासाचा योग होता. उन्हं कलायच्या आधीच भूक लागली आणि मी घरी निघालो. अजून दिवेलागण व्हायची होती. तेवढा नियम मी मोडला.

दाराला कुलूप होतं. कुणी बाहेर पडलं की आमच्या दाराला बाहेरून कुलूप असायचंच, कारण मंदा चालत निघायची. एकदा ती लातूर रस्त्याच्या मधोमध सापडली होती, दोन्ही बाजूंना ट्रक थांबलेले आणि ही पदर सावरत उभी. अक्का मारुतीला तेल घालायला गेली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच की आत काहीतरी जळत होतं.

"मंदा," मी हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. मग मी दगड घेतला.

घोलपांनी मला बाहेरच्या खोलीत आणलं. आत शिरताना मी धावत धावत सरळ गॅसकडे गेलो होतो, त्यामुळे ही खोली मी आत्ताच पाहत होतो. भिंतीवरच्या माझ्या फोटोला शेवंतीचा हार घातलेला होता. खाली निरांजन लावलेलं होतं. हे सोनटक्के वहिनींनी केलेलं असणार, अक्का इतकी हौशी नाही. मी परगावी वारल्याचं अक्कानं त्यांना सांगितलं असणार, नाहीतर प्रेत कुठं म्हणून त्यांनी विचारलं असतं. फोटोत मला भरपूर केस होते आणि जाड मिशी होती.

घोलपांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ का तुम्ही त्यांचे?"

"तो मीच आहे."

"परत तेच. आवाज चढवू नका, दुखवट्याचं घर आहे."

"माझंच दुखवट्याचं घर आहे. माझ्याच मेल्याचा दुखवटा आहे. आवाज मी नाही चढवायचा तर कुणी चढवायचा?"

"रेशनकार्ड दाखवा."

"कपाटात आहे. किल्ली बहिणीकडे आहे."

"बहीण कुठाय?"

"माहीत नाही."

घोलपांनी मान हलवली. ही मान हलवणं मला ओळखीचं होतं. संपादक माझा मजकूर परत देताना अशीच हलवायचे.

मंदा भिंतीला टेकून खाली बसली होती. शेजारी एक वाटी होती आणि वाटीत हिरव्या बांगड्यांचे तुकडे. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून तिनं ते नीट वेचून ठेवले होते. मी तिच्या हातांकडे पाहिलं, मग कपाळाकडे. कपाळ पुसलेलं होतं. नुसतं स्वच्छ.

तेव्हा मला काही वाटायला पाहिजे होतं. वाटलं ते इतकंच की पातेलं अजून गरम आहे, ते कुठंतरी ठेवायला पाहिजे.

"बाई," घोलप वाकून तिला म्हणाले, "तुम्हाला त्रास देत नाही. एवढंच सांगा, ह्या इसमाला ओळखता का?"

मंदानं माझ्याकडे पाहिलं. पूर्वी मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून बघायची तसं, वरून खाली, सावकाश.

"ह्यांना होय," ती म्हणाली. "हे स्वयंपाक करतात."

"आचारी आहेत?"

"हो. चांगले आहेत. मीठ जरा कमी टाकतात."

"आणि तुमचे मिस्टर?"

"हे सकाळी गेले," मंदा म्हणाली. "अक्का फोनवर सांगत होत्या. एकदा नाही, सगळ्यांना सांगत होत्या." तिचे डोळे कोरडे होते. रडून झालेलं होतं. "तुम्ही उभे का? बसा. ह्यांना सांगते चहा टाकायला."

घोलप सरळ उभे राहिले. "चला. मालक गेला त्याच दिवशी कुलूप फोडलं, आणि वर मालकाचं नाव सांगतो. मुलाणी, घ्या ह्याला."

"मी येणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"घरात ती एकटी आहे. ती चालत निघते. दाराला कुलूप नाही."

"कुलूप कुणी फोडलं?"

"मी."

"मग?"

मी पातेलं जमिनीवर ठेवलं. मी झोपाळ्याची कडी धरली. आमच्या बाहेरच्या खोलीत शिसवी झोपाळा आहे, मंदाच्या माहेरचा. मुलाणीनं मला दंडाला धरून ओढलं. मी कडी सोडली नाही, त्यामुळे माझ्याबरोबर झोपाळाही आला. मुलाणीनं दम खायला हात सैल केला तसा झोपाळा मला घेऊन मागे गेला, आणि परत पुढे आला तो घोलपांच्या गुडघ्यावर. घोलप खाली बसले. त्यांची टोपी निरांजनाशेजारी पडली. सोनटक्के वहिनींनी ती चटकन उचलली, नाहीतर पेटली असती.

"सोड म्हणतो ना," घोलप खालूनच म्हणाले. "अटकेला विरोध करतो काय? सरकारी माणसावर हल्ला करतो?"

"झोपाळ्यानं केला."

"झोपाळा कुणाचा?"

"माझा."

"मयताचा," घोलप म्हणाले. गुडघा चोळत असतानाही त्यांनी मुद्दा सोडला नाही, ह्याचं मला कौतुक वाटलं.

"अहो, त्यांना दुखवू नका," मंदा म्हणाली. "रात्रीचं कोण करणार?"

शेवटी त्यांनी दोघांनी मिळून माझी बोटं एकेक करून उकलली. मला व्हरांड्यातून खाली उतरवत होते तेव्हा तेलाची रिकामी वाटी घेऊन अक्का कोपऱ्यावर दिसली. तिनं पोलीस पाहिले, माझं डोकं पाहिलं, आणि ती धावत आली. साठीची बाई धावताना मी फार कमी वेळा पाहिली आहे.

"सोडा त्याला. माझा भाऊ आहे तो."

"मयत तुमचे कोण?"

"तोच."

"तो आणि हा?"

"एकच आहे हो. सकाळी ह्याच्या डोक्यावर कावळा बसला."

घोलपांचा चेहरा बदलला. माझं नाव, माझा फोटो, ह्यातल्या कशानंही जे झालं नव्हतं ते कावळ्यानं झालं. त्यांनी माझा दंड सोडला.

"बसला का नुसता शिवला?"

"बसला," मी म्हणालो.

"मग आधी सांगायचं की राव. आमच्या चुलत्याच्या खांद्यावर बसला होता. सगळी वैरागची भावकी रडत आली होती." त्यांनी आकाशाकडे पाहिलं. "दिवस मावळायला आला. उलट फोन केले का? लवकर करा. बातमी रात्रभर तशीच राहिली तर चिकटते म्हणतात."

"म्हणजे मला सोडताय?"

घोलप घुटमळले. "ते जरा अवघड आहे. आत शिरायच्या आधीच ह्या समोरच्या बाईंच्या घरून मी ठाण्यावर फोन केलाय, आरोपी सापडला म्हणून. साहेबांनी नोंद घ्यायला सांगितली. आता सोडायचं तर कारण द्यावं लागंल, आणि कावळा हे कारण साहेबांपुढं चालत नाही. साहेब पुण्याचे आहेत."

म्हणून माझ्यावर शांतताभंगाचा आणि अटकेला विरोध केल्याचा असे दोन गुन्हे दाखल झाले, तेही माझ्याच घरात. चोरीचा मात्र होऊ शकला नाही, कारण माझ्याजवळ सापडलेलं पातेलं माझंच निघालं.

अक्कानं आत जाऊन उलटे फोन केले. लातूरच्या लोकांनी तिला शिव्या दिल्या, सोलापूरच्या आत्या पुन्हा एकदा रडल्या. पुण्याचा मेहुणा निघालेला होता, त्याला टेंभुर्णीच्या पुढं एका धाब्यावर गाठावं लागलं. सोनटक्के वहिनींनी स्वतःच्या हातानं फोटोचा हार काढला आणि मला म्हणाल्या, "भावजी, मी तुम्हाला नेहमी केसांसकट पाहिलं होतं हो." दिवेलागणीच्या आत सगळ्या गावांना मी जिवंत असल्याचं कळलं.

मग अक्का मंदाजवळ बसली.

"मंदा, ऐक. रंगा गेला नाही. तो उपाय होता. कावळ्याचा. रंगा आहे. हा काय इथं."

मंदानं सगळं ऐकून घेतलं. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. पलंगावर बघितलं, माझ्या लिहायच्या टेबलापाशी बघितलं, मागच्या अंगणात बघून आली.

"नाहीत," ती अक्काला म्हणाली, आणि परत भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी अक्कानं पुन्हा सांगितलं. मंदानं पुन्हा सगळं घर शोधलं. तिसऱ्या दिवशी शोधता शोधता ती रस्त्यावर गेली, तेव्हा आम्ही सांगायचं बंद केलं. अक्का तिला कुंकू लावी. मंदा ते ओशाळून पुसून टाकी. "लोक काय म्हणतील अक्का," म्हणायची. नव्या बांगड्या भरल्या तर रात्री उशाशी काढून ठेवलेल्या सापडल्या.

माझ्याशी ती सभ्यपणे वागायची. चौथ्या का पाचव्या दिवशी मी पोळ्या लाटत होतो, आणि ती बाहेर अक्काला म्हणाली, "ह्या गृहस्थांना आता सांगा."

"काय सांगू?"

"जायला. हे होते तोवर ठीक होतं. आता बाईमाणसाच्या घरात परका पुरुष बरा दिसत नाही. तुम्ही लातूरला गेलात म्हणजे मी एकटी. दुसरीकडे कुठं काम लागेल त्यांना. हाताला चव आहे."

मी पोळी लाटत राहिलो. ती पोळी चांगली गोल झाली होती, मला आठवतं.

त्या रात्रीपासून मी व्हरांड्यात झोपायला लागलो. मंदा आतून कडी घालायची आणि बाहेर मी दाराला आडवा, म्हणजे ती बाहेर निघायचा प्रश्न तरी मिटला. सकाळी कडी काढून म्हणायची, "अजून आहात का? आजचा दिवस करा आणि बघा काही." अक्कालाही लातूरला परतायचं होतं. ती गेल्यावर दार माझ्यासाठी उघडेल की नाही, ह्याची मला खात्री नव्हती. माझ्याच घरातून मला दुसऱ्यांदा कुणी काढलं, तर आता कुठली कडी धरायची हे मी पडल्या पडल्या ठरवत असे. झोपाळा आत होता.

मंदानं दिवस मोजलेले नव्हते, पण दहाव्याच्या सकाळी ती न्हाऊन पांढरं पातळ नेसून बाहेर आली.

"अक्का, आज ह्यांचा दहावा. भटजींना सांगितलंय ना?"

जिवंत माणसाचा दहावा कुठल्या भटजीला सांगणार? अक्का माझ्याकडे बघायला लागली.

"भटजी गावाला गेलेत," मी म्हणालो. "घरच्या घरी करू. गच्चीवर पान ठेवू."

मंदाला ते पटलं. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून मला सांगायला लागली.

"मुगाची खिचडी करा. तूप सढळ घाला, हात आखडू नका. वर ओलं खोबरं. ह्यांना खोबरं फार आवडायचं, आधी ते वेचून खायचे. आणि वांगं करू नका."

"वांगं का नको?"

"त्यांना आवडायचं नाही."

"मग तुम्ही करत नव्हता?"

"करायची की. दर गुरुवारी. ते काही बोलायचे नाहीत, दोनदा घ्यायचे. जगाला नावं ठेवणारा माणूस, पण मला कधी ठेवली नाहीत. मला वाटायचं, बघू तरी कधी बोलतात." तिनं खोबऱ्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "नाहीच बोलले."

मला वांगं आवडत नाही हे तिला ठाऊक होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी खोबरं खवायला घेतलं.

आम्ही गच्चीवर पान नेत होतो तेव्हाच घोलप समन्स घेऊन आले. जरा लंगडत होते. काय चाललंय ते अक्कानं त्यांना जिन्यात सांगितलं. टोपी काढून काखेत धरून ते आमच्यामागून वर आले.

कठड्यावर पान ठेवलं. पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसलेला होता. तोच होता का ते सांगता येत नाही, कावळ्यांची मला तितकी ओळख नाही. त्यानं पानाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आम्ही थांबलो. ऊन चढत होतं. कावळा हलेना.

"काहीतरी राहिलंय त्यांचं," मंदा म्हणाली.

अक्कानं हात जोडले. "रंगा, मंदाकडे मी येऊन-जाऊन बघीन," ती कावळ्याला म्हणाली, आणि मग तिला मी शेजारी उभा असल्याचं आठवलं. कावळा हलला नाही.

घोलपांनी घसा साफ केला. "मयताला काही केसबिसची काळजी असंल तर ती मी मिटवतो. साहेबांना सांगतो काय सांगायचं ते."

कावळ्यानं एक पाय उचलून दुसरा टेकवला. तेवढंच.

मंदा अनवाणी होती. स्लॅब तापला होता. ती पाय बदलत उभी होती, पण सावलीला जायला तयार नव्हती. मी खाली जाऊन गोणपाट ओलं करून आणलं आणि तिच्या पायाशी टाकलं. ती त्यावर उभी राहिली. तिनं त्या गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोलिसांनी विचारलं तेव्हा पाहिलं होतं तसंच, वरून खाली, सावकाश.

मग ती टाकीकडे वळली.

"अहो," ती म्हणाली. आमच्या लग्नानंतर तिनं मला दुसरी हाक कधी मारलेली नाही. "ह्यांना मी घालवत नाही. हे इथंच राहतील. लोक बोलले तर बोलू देत. तुम्ही जीव अडकवू नका."

कावळा उतरला. आधी त्यानं खोबरं वेचून खाल्लं, मग खिचडीत चोच घातली.

"झालं," मंदा म्हणाली. "चला, हवालदारसाहेब, जेवून जा. तुम्हीही घ्या हो आज आमच्याबरोबरच," ती मला म्हणाली, "रोज मागून बसता."

जिना उतरताना घोलप माझ्यामागे होते. त्यांनी समन्सची घडी घालून ती खिशात परत ठेवली. "मालकावर चालवावी तर ते वारलेत," ते हळूच म्हणाले, "आणि आचाऱ्यावर चालवावी तर त्याला बाईंनी ठेवून घेतलाय." पुढं त्या केसचं काय झालं मी कधी विचारलं नाही. घोलप अधूनमधून जेवायला येत.

अक्का लातूरला गेली. त्या रात्री मंदानं कडी घातली नाही. बाहेरच्या खोलीत झोपाळ्याशेजारी माझं अंथरूण घातलेलं होतं.

पावसाळा सरेपर्यंत माझे केस पहिल्यासारखे झाले. मिशीही आली. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर मंदा माझ्याकडे बघतच राहिली. कप माझ्या हातातच राहिला. एका घोटाएवढा वेळ मला वाटलं की आता ती 'अहो' म्हणेल.

"तुम्ही मिशी काढून टाका," ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्यासारखे दिसता. मला काही सुचत नाही मग."

मी काढली. मंदा होती तोवर पुन्हा ठेवली नाही. नोकरीचा प्रश्न होता.